वाहकपट्टा : ओझे यंत्राचे, दक्षता माणसाची

मुरगाव बंदरात १९७९ साली लोहखनिज हाताळणीची यांत्रिक व्यवस्था सुरू झाली. मांडवी व जुवारी नद्यांतून बार्जने आलेले खनिज वाहकपट्ट्यांवरून साठ्याच्या आवारात आणि तेथून पट्ट्यांवरूनच जहाजात जाई.

अशा पट्ट्यांची साखळी सुरू करण्याचा क्रम उलटा असतो : शेवटचा पट्टा प्रथम, पहिला सर्वांत शेवटी. अन्यथा थांबलेल्या पट्ट्यावर माल साचतो. मधला पट्टा बंद पडल्यास त्याच्या मागचे पट्टे आपोआप थांबतील, अशी विद्युत्‌जोडणी केलेली असते.

परंतु पट्टा व रूळ यांमध्ये सापडलेला हात या जोडणीस ओळखता येत नाही. त्यासाठी रुळांभोवती संरक्षक जाळी आणि पट्ट्याच्या कडेने ओढदोरी बसवितात. दोरी ओढताच पट्टा थांबतो; कारण दूर केल्याखेरीज तो पुन्हा सुरू करू नये. सांडलेला माल चालत्या पट्ट्याखालून कधीही काढू नये. सफाईपूर्वी वीज तोडून, खटक्यास कुलूप लावून, किल्ली सफाई करणाऱ्याने स्वतःजवळच ठेवावी.

साखर कारखान्यातील उसाची गव्हाण असो वा गोदामातील पोत्यांचा पट्टा, नियम हाच. खोळंबलेले काम भरून काढता येते. गमावलेला हात परत मिळत नाही.