आमचं कोण आहे? वंदना, ध्वज आणि पौर्णिमा यांचा पाठ



संग्रामपूर तालुक्यातील एका गावी धम्मवर्ग संपल्यावर एका ताईंनी मला विचारले, "गुरुजी, आम्ही पाच घरांनी दीक्षा घेतली. भावकीनं बोलणं टाकलं. लेकीच्या सोयरिकीचं अडलं. एवढ्या मोठ्या गावात आता आमचं कोन हाये?" त्या वेळी मी "बाबासाहेब आहेत" एवढेच म्हणालो. उत्तर खरे होते, पण अपुरे होते. आजचा पाठ त्या ताईंच्या प्रश्नासाठी आहे.

दूरच्या जगाशी आपला संबंध काही नवा नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला मागणी आली. पुढे १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वे आली, तीही कापसासाठीच. आपल्या खापरपणज्यांनी वेचलेला कापूस सातासमुद्रापार गिरण्यांत गेला. पण वेचणारीला गावच्या विहिरीत घागर बुडवता येत नव्हती. माल जगाशी जोडला गेला, माणूस जोडला गेला नाही. हा फरक नीट लक्षात ठेवा. धम्माने जोडलेला संबंध माणसाचा आहे. तो तुमच्या घरात कोठे आहे, हे क्रमाने पाहू.

१. वंदना. तुम्ही सकाळी जे त्रिशरण आणि पंचशील म्हणता, तेच श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंड आणि कंबोडिया येथील कुटुंबे म्हणतात. भाषा तीच, पाली. पालीला स्वतःची अशी एकच लिपी नाही. सिंहली माणूस ती सिंहली लिपीत लिहितो, थाई माणूस थाई लिपीत आणि आपण देवनागरीत. उच्चारही सर्वत्र सारखे नाहीत. ब्रह्मी लोक 'स'चा उच्चार 'थ'च्या जवळ करतात, म्हणून 'सरणं' तिकडे 'थरणं' असे ऐकू येते. तेव्हा आपला उच्चार वऱ्हाडी वळणाचा झाला म्हणून कोणी लाजू नये. अर्थ न समजता म्हणणे मात्र योग्य नाही. पाचवे शील म्हणून झाल्यावर संध्याकाळी घरात बाटली उघडत असेल, तर त्या घरात वंदना झाली असे म्हणता येणार नाही.

२. ध्वज. विहारावर आपण जो पंचरंगी ध्वज लावतो, तो १८८५ साली कोलंबो येथे तयार झाला. त्याचा आकार ठरविण्यात ऑल्कॉट या अमेरिकन गृहस्थांच्या सूचनेचा भाग होता. आज जगभरचे बौद्ध हा ध्वज वापरतात. तुमच्या गावच्या शिंप्याने शिवलेला ध्वज परदेशातला बौद्ध पाहताक्षणी ओळखेल.

३. वैशाख पौर्णिमा. या दिवशी आपण खीर करतो. श्रीलंकेत घरोघर कागदी कंदील लागतात आणि रस्त्यावर येणाऱ्याजाणाऱ्यास फुकट जेवण वाढतात. ब्रह्मदेशात बोधिवृक्षाला पाणी घालतात. संयुक्त राष्ट्रसंघानेही १९९९ साली ठराव करून या दिवसाची दखल घेतली.

आता विचाराल, हे सारे आपल्यापर्यंत आले कसे? धम्म इथूनच बाहेर गेला. आपल्या जिल्ह्याशेजारची अजिंठ्याची लेणी त्याची साक्ष देतात. इथे तो क्षीण झाला, पण श्रीलंकेत भिक्खूंनी तिपिटक लिहून काढले व जपले. बाबासाहेब १९५० साली श्रीलंकेत बौद्ध परिषदेला गेले, १९५४ साली रंगूनला गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांना दीक्षा देणारे भदन्त चंद्रमणी महास्थवीर मूळचे ब्रह्मदेशातील आराकानचे होते. दूरच्या लोकांनी जपलेली आपलीच ठेव आपल्याला परत मिळाली.

परंतु बाहेरून आलेले सर्वच डोक्यावर घ्यायचे नाही. श्रीलंकेच्या सियाम निकायात उपसंपदा एका वरच्या जातीपुरतीच ठेवली गेली. ज्यांना ती नाकारली, त्यांच्यातील काहीजण समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात गेले, तेथे उपसंपदा घेऊन १८०३ साली परतले आणि त्यांनी अमरपुर निकाय उभा केला. बौद्ध देशातही जात शिरू शकते, हे यावरून शिकावे. म्हणूनच बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा मोलाच्या आहेत. त्या दुसऱ्या कोणत्याही देशाकडून आलेल्या नाहीत. बौद्ध जगाला त्या आपल्याकडून मिळाल्या आहेत.

आपण फक्त घेणारे नाही, हे दुसऱ्या एका उदाहरणानेही कळेल. हंगेरी देशात रोमा नावाचा समाज आहे. त्यांच्या मुलांना शाळेत वेगळ्या वर्गात बसविण्याचा प्रकार तिकडे चालत आला आहे. तेथील काही कार्यकर्ते बाबासाहेबांचे विचार वाचून महाराष्ट्रात येऊन गेले आणि २००७ साली साजोकाझा या गावी त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या नावाने शाळा सुरू केली. ज्यांनी संग्रामपूरचे नावही ऐकलेले नाही, अशी मुले तेथे 'जयभीम' म्हणतात.

ताई, रंगूनची बाई तुमच्या लेकीची सोयरीक जमवायला येणार नाही, हे मी जाणतो. तो प्रश्न आपल्यालाच सोडवायचा आहे. पौर्णिमेला शेजारच्या गावातील दीक्षित घरी जा, त्यांना आपल्याकडे बोलवा, मुलामुलींची शिक्षणे एकमेकांना सांगा. सोयरिकी अशाच जुळतील. पण सकाळी पाच घरांत वंदना सुरू होते, तेव्हा त्याच शब्दांत कितीतरी देशांतील घरे वंदना म्हणत असतात, एवढे मनात असू द्या. भावकीने बोलणे टाकले तरी मान खाली घालण्याचे कारण नाही.

घरी करावयाचा अभ्यास

१. पंचशीलातील प्रत्येक शीलाचा अर्थ घरातील सर्वांत लहान मुलाला आपल्या बोलीत सांगा.
२. मुलांच्या शाळेच्या नकाशात कोलंबो, रंगून, बँकॉक आणि हंगेरी शोधा. आजीलाही दाखवा.
३. 'माल जोडला जाणे' आणि 'माणूस जोडला जाणे' यांतील फरक आपल्या घरातील एका अनुभवावरून लिहा. लिहिता न येणाऱ्यांनी पुढच्या वर्गात सांगावा.

जयभीम.