चेक भरला, पण वटला का?

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली. जवळच्या, पनवेलमधल्या खांदा कॉलनीत नोकरी शोधणाऱ्या पोरापोरींच्या मोबाइलवर ‘ग्राउंड स्टाफ पाहिजे’, ‘घरबसल्या डेटा एन्ट्री’ असल्या जाहिराती येतच असतात. त्यात गेटपासचे, युनिफॉर्मचे, मेडिकलचे पैसे मागणाऱ्या भामट्यांना आता बरीच घरं ओळखतात. पैसे मागितले की घरातलं कोणीतरी ओरडतंच. चेकवाला भामटा मात्र आधी पैसे देतो, त्यामुळे शहाणी माणसंही गप्प बसतात.

प्रकार असा. जाहिरात बघून अर्ज केला की मुलाखत व्हॉट्सॲपवरच उरकते आणि लेटरहेडवर ऑफर लेटर येतं. मग ‘एचआर मॅडम’ सांगतात, लॅपटॉप आणि सॉफ्टवेअरसाठी कंपनी चेक देतेय. समजा ४८,५०० रुपयांचा चेक कुरिअरने आला, किंवा कुठल्यातरी शाखेत परस्पर तुमच्या खात्यात भरला आणि स्लिपचा फोटो पाठवला. त्यातले ३,५०० तुम्ही ठेवायचे आणि ४५,००० आमच्या व्हेंडरला यूपीआयने लगेच पाठवायचे. ‘लगेच’ या शब्दावरच सगळा धंदा चालतो.

कारण चेक भरणं वेगळं आणि वटणं वेगळं. बँकेचा मेसेज येतो तेव्हा त्यात बहुधा ‘वसुलीच्या अधीन’ अशा अर्थाचे शब्द असतात, ते कोणी वाचत नाही. काही ॲपमध्ये एकूण शिल्लक फुगलेली दिसते, पण काढता येणारी रक्कम जुनीच असते. म्हणजे तुम्ही पाठवलेले ४५,००० हे तुमचेच असतात. मुलीच्या फीसाठी ठेवलेले, नाहीतर वडिलांच्या पेन्शनचे.

४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक वटवायची पद्धत बदलली आहे. सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळात चेक स्कॅन होऊन पुढे जातात, आणि चेक ज्या बँकेचा असेल तिला संध्याकाळी ७ पर्यंत हो-नाही कळवावं लागतं. ड्रॉप बॉक्समध्ये उशिरा टाकलेला चेक दुसऱ्या दिवसावर जातो. तेव्हा समोरचा कितीही घाई करो, एक दिवस थांबायचं आणि शाखेत जाऊन विचारायचं, ‘हा चेक वटला का, आणि क्लिअर बॅलन्स किती?’ याला एक पैसा लागत नाही.

न थांबल्यास काय पडतं ते बघा. गेलेले ४५,०००. चेक परत आल्याचा आकार बँकेगणिक वेगळा असतो, १५० रुपये धरा, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७७. झाले ४५,१७७. खातं रिकामं झाल्यामुळे गाडीचा हप्ता अडकला तर त्याचा दंड बँकेकडूनही आणि फायनान्स कंपनीकडूनही.

चेक बाउन्स झाला म्हणून कलम १३८ खाली नोटीस पाठवू, असा सल्ला हमखास मिळतो. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, पैसे द्यायला १५ दिवस, मग महिनाभरात तक्रार, हे खरं. पण चेक चोरीचा असेल, सही खोटी असेल, तर नोटीस जाईल ती ज्याचं चेकबुक चोरीला गेलं त्या बिचाऱ्याला. माझ्या मते इथे वकिलाची फी घालवू नये.

याचाच सख्खा भाऊ म्हणजे ‘पेमेंट प्रोसेसिंग’ची नोकरी. इथे तुमच्या खात्यात खरे पैसे येतात, कमिशन कापून ते पुढे पाठवायचे. ते पैसे दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीतले निघतात, खातं गोठतं आणि परराज्यातल्या पोलिसांची नोटीस दारात येते. कॉलेजच्या पोरांनी दोन-तीन हजारांसाठी खातं ‘भाड्याने’ देणं तर सर्वांत महाग.

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांना चेकचा हा प्रकार जास्त भोवतो. तिथल्या नियमाने भरलेल्या चेकपैकी साधारण पहिले २७५ डॉलर पुढच्या कामकाजाच्या दिवशी वापरायला मिळतात, बाकीचेही लवकरच. चेक खोटा असल्याचं कधी कधी काही आठवड्यांनी कळतं आणि बँक सगळी रक्कम मुलाकडून वसूल करते. त्यात विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करता येत नाही, म्हणून भीतीपोटी पोरं तक्रारच करत नाहीत आणि खड्डा आईबाबा इथून भरतात.

पैसे गेलेच तर पहिला फोन सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, नातेवाइकांना नंतर. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवता आले तरच हाती काही लागतं. यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक जवळ ठेवा आणि तक्रारीचा पोचक्रमांक लिहून घ्या. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार फुकट होते. मग खांदेश्वर पोलीस ठाणे. चॅट डिलीट करू नका, लिफाफा आणि चेक जपून ठेवा. बँकेला लेखी अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तीन दिवसांत कळवलं की बँक सगळे पैसे देते, असं सांगणारे भेटतील. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा तो नियम तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. तुम्हीच पिन टाकून पाठवलेल्या पैशाला तो सहसा लागू होत नाही. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तिथेही फी नाही.

‘दहा टक्के द्या, पैसे सोडवून देतो’ म्हणणारा फोन आला तर तो दुसरा भामटा.

अडवलेली रक्कम परत मिळवायला कोर्टात अर्ज करावा लागू शकतो. वकील परवडत नसेल तर पनवेल कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकील मागता येतो. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा आहे, पण महिलांना आणि आणखी काही घटकांना ती लागू नाही.