हिवाळी केदार दर्शन : भाड्याचे वाहन निवडताना

भाऊबीजेस श्री केदारनाथ मंदिराची द्वारे बंद होतात व सुमारे सहा महिने भगवंतांची उत्सवमूर्ती ऊखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात विराजमान असते. हिवाळ्यात हृषीकेशहून देवप्रयाग, रुद्रप्रयागमार्गे तेथे जाणाऱ्या भाविकांनी वाहन ठरविताना पुढील बाबी ध्यानी घ्याव्यात.

१. चालकासह भाड्याने मिळणाऱ्या अधिकृत वाहनाची पाटी पिवळी व अक्षरे काळी असतात. पांढऱ्या पाटीचे खासगी वाहन भाड्याने घेऊ नये. अपघातप्रसंगी विम्याची भरपाई नाकारली जाऊ शकते.

२. टायरची नक्षी स्वतः पाहावी. नियमानुसार ती किमान १.६ मि.मी. खोल हवी, घाटात त्याहून बरीच अधिक असावी.

३. चारही चाकांना शक्ती मिळणारे वाहन बर्फाळ चढणीस उपयुक्त ठरते; परंतु ते लवकर थांबते, हा समज चुकीचा आहे. थांबणे टायर व वेग यांवरच अवलंबून असते. चोपत्याकडे जाणाऱ्यांनी हे विशेष स्मरणात ठेवावे.

४. पहाटे सावलीतील वळणांवर गोठलेले पाणी सहज दिसत नाही. ऊन पडल्यावर निघावे व अंधारापूर्वी मुक्कामी पोहोचावे.

थोडे भाडे वाचविण्यापेक्षा डोंगरी रस्त्याचा जाणकार चालक निवडावा आणि त्याने ‘आज पुढे नको’ म्हटल्यास आग्रह धरू नये.