ऐक्याची कसोटी : मराठी ख्रिस्ती मंडळ्या आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’

२९ नोव्हेंबर १९७० रोजी, रविवारी, नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात सहा चर्चसंस्थांनी आपले स्वतंत्र अस्तित्व संपुष्टात आणून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ या एका संस्थेत प्रवेश केला. या सहा संस्था म्हणजे अँग्लिकन परंपरेचे ‘चर्च ऑफ इंडिया, पाकिस्तान, बर्मा अँड सिलोन’. प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्यांचे ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’. उत्तर भारतातील बॅप्टिस्ट मंडळ्या. चर्च ऑफ द ब्रदरन. ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परिषदांशी संलग्न असलेले मेथडिस्ट चर्च. आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट. या ऐक्याच्या वाटाघाटी १९२९ मध्ये लखनौ येथे सुरू झाल्या होत्या. म्हणजे विचारविनिमयाला प्रारंभ झाल्यापासून तो सिद्धीस जाईपर्यंत एकेचाळीस वर्षे लोटली.

एकाच प्रभूवर श्रद्धा ठेवणाऱ्या माणसांना एकत्र येण्यासाठी एवढा काळ का लागावा, असा प्रश्न कोणाही वाचकाच्या मनात येईल. त्याहून महत्त्वाचा दुसरा प्रश्न असा की, नागपुरात जे घडले त्यामुळे एखाद्या गावातील मंडळीच्या जीवनात नेमका कोणता पालट झाला? ‘मंडळी’ हा शब्द मराठी ख्रिस्ती समाजात एका ठिकाणी उपासनेसाठी जमणाऱ्या श्रद्धावंतांच्या समुदायाला उद्देशून वापरला जातो. ऐक्याचा ठराव परिषदेत होतो, परंतु त्याची कसोटी मंडळीतच लागते. या प्रकरणात प्रामुख्याने महाराष्ट्राच्या अनुभवाच्या आधारे या गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

भेदांचे मूळ

महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजात जे पंथभेद दिसतात, त्यांपैकी बहुतेकांचा जन्म या भूमीत झालेला नाही. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले. ते काँग्रिगेशनल परंपरेचे होते. त्यांच्या मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे ठाणे केले आणि पुढे तेच त्याचे प्रमुख केंद्र बनले. स्कॉटिश मिशनरींनी १८२३ मध्ये कोकणात कार्यारंभ केला. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत दाखल झाले, तर स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ मध्ये नागपूरचे मिशन सुरू केले. हे सर्व प्रेस्बिटेरियन होते. अँग्लिकन मिशनेही निरनिराळ्या ठिकाणी काम करीत होती.

परस्परांत स्पर्धा होऊ नये म्हणून या मिशनांनी आपापली कार्यक्षेत्रे वाटून घेण्याचा प्रघात पाडला. हेतू चांगला होता. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, एखादा मनुष्य कोणत्या पंथाचा होणार हे त्याच्या विचारांवर नव्हे, तर त्याच्या गावावर अवलंबून राहिले. नगरचा ख्रिस्ती काँग्रिगेशनल झाला आणि नागपूरचा प्रेस्बिटेरियन झाला. या दोन नावांमागील वाद इंग्लंड व स्कॉटलंडमध्ये शतकांपूर्वी घडले होते आणि त्या वादांत या दोघांपैकी कोणाच्याही पूर्वजाने भाग घेतलेला नव्हता.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १८४३ सालचे आहे. त्या वर्षी स्कॉटलंडचे राष्ट्रीय चर्च दुभंगले. मंडळीच्या इच्छेविरुद्ध तिच्यावर धर्मोपदेशक नेमण्याचा अधिकार जमीनदार आश्रयदात्याला असावा की नाही, हा त्या वादाचा गाभा होता. मुंबईत असा आश्रयदाता नव्हता आणि असा प्रश्नही नव्हता. तरीही विल्सन आणि त्यांचे सहकारी नव्या ‘फ्री चर्च’मध्ये गेले, मिशनची मालमत्ता मूळ चर्चकडे राहिली आणि त्यांना आपल्या शिक्षणसंस्थेची घडी नव्याने बसवावी लागली. हिस्लॉप नागपुरास आले तेही या फ्री चर्चचेच प्रतिनिधी म्हणून. पुढे स्कॉटलंडमधील या दोन प्रवाहांचा बहुतांश भाग १९२९ मध्ये पुन्हा एक झाला. जे भांडण परक्या भूमीत सुरू झाले आणि तेथेच मिटले, त्याचा भार मधली अनेक वर्षे येथील मंडळ्यांनी वाहिला.

शेजारी असूनही वेगळे

अहमदनगर जिल्ह्यात परिस्थिती आणखी गुंतागुंतीची झाली. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात ‘सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल’ ही अँग्लिकन संस्था तेथे कार्य करू लागली. अमेरिकन मराठी मिशनचे काम तेथे चाळीसेक वर्षे आधीपासून चालू होते. दोन्ही मिशनांचा संबंध बहुतांशी त्याच पीडित जातींतील लोकांशी येत होता. त्यामुळे एकाच परिसरातील, एकाच भाषेत प्रार्थना करणारे आणि परस्परांशी नात्यागोत्याने बांधलेले लोक दोन वेगळ्या चर्चचे सभासद झाले.

वरवर पाहता हा भेद उपासनापद्धतीपुरता वाटेल. एकीकडे छापील प्रार्थनापुस्तकाच्या क्रमाने उपासना होई, तर दुसरीकडे पाळक उत्स्फूर्त प्रार्थना करीत. वस्तुतः भेदाची खरी धार प्रभुभोजनाच्या वेळी जाणवे. बिशपच्या हातून दीक्षा न मिळालेल्या पाळकाने दिलेले प्रभुभोजन अँग्लिकन नियमाप्रमाणे ग्राह्य ठरत नसे आणि ज्याचे दृढीकरण बिशपच्या हातून झालेले नाही अशा मनुष्यास अँग्लिकन वेदीपाशी सर्वसाधारणपणे प्रवेश नसे. माहेरी काँग्रिगेशनल मंडळीत वाढलेली मुलगी अँग्लिकन घरात सून म्हणून आली, तर जी भाकर ती लहानपणापासून घेत आली होती, तिच्यासाठी तिला नव्याने पात्र व्हावे लागे. पंथभेद हा पंडितांच्या चर्चेचा विषय न राहता घरातील दुखणे होतो, तो अशा प्रसंगी.

एकत्र येण्याचे प्रारंभीचे प्रयत्न

हे दुखणे भारतीय ख्रिस्ती लोकांना मिशनरींपेक्षा आधी आणि अधिक तीव्रतेने जाणवले, असे म्हणण्यास आधार आहे. दक्षिणेत त्रांकेबार येथे मे १९१९ मध्ये जी परिषद भरली, तिच्यात जमलेले धर्मसेवक बहुतांशी भारतीय होते. आपले भेद आपण निर्माण केलेले नाहीत, ते आपल्यावर लादले गेले आहेत, ही त्यांच्या निवेदनातील मुख्य भूमिका होती. या परिषदेतूनच पुढे २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रास येथे ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ स्थापन होण्याचा मार्ग खुला झाला.

उत्तरेत व पश्चिमेत ही प्रक्रिया टप्प्याटप्प्याने घडली. १९०४ मध्ये निरनिराळ्या प्रेस्बिटेरियन मिशनांच्या मंडळ्या एका संघटनेत आल्या. १९२४ मध्ये काँग्रिगेशनल मंडळ्या त्यांना मिळाल्या आणि ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ अस्तित्वात आले. त्यामुळे नगरची काँग्रिगेशनल मंडळी आणि १८३४ मध्ये सुरू झालेल्या लुधियानाच्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनमधून वाढलेली पंजाबातील मंडळी या दोघी एकाच चर्चच्या घटक झाल्या.

संघटनेच्या या प्रवाहाबरोबरच दुसरा, अधिक शांत असा एक प्रवाह वाहत होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नंतरची अनेक वर्षे अमेरिकन मराठी मिशनमध्ये सेवा केली. त्यांची मराठी भजने आणि गीते कोणत्याही एका पंथाच्या मालकीची राहिली नाहीत. ज्या मंडळ्या एकमेकींच्या प्रभुभोजनाला जात नव्हत्या, त्याही टिळकांची गीते गात होत्या. १९१७ मध्ये मिशनच्या वेतनी सेवेतून मुक्त होऊन टिळकांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ उभारण्याची ही कल्पना पंथांच्या ऐक्यापेक्षाही व्यापक होती. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाल्याने ती अपुरी राहिली. तथापि, ऐक्याचे पहिले साधन समान भाषा आणि समान गीत हेच असते, हा त्यांच्या कार्याचा धडा विसरता येणार नाही.

तीन अवघड प्रश्न

लखनौच्या वाटाघाटींपासून १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऐक्ययोजनेच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत मुख्यतः तीन प्रश्नांनी विचारवंतांची परीक्षा पाहिली.

पहिला प्रश्न पाळकांच्या दीक्षेचा. दक्षिणेत १९४७ मध्ये सर्व पाळकांना ते होते तसेच स्वीकारण्यात आले आणि यापुढील दीक्षा मात्र बिशपच्या हातूनच होतील असे ठरले. काही अँग्लिकन मंडळ्यांना हे मान्य झाले नाही. तेलुगू प्रदेशातील नंद्याळ भागातील कित्येक मंडळ्या पुष्कळ वर्षे बाहेर राहिल्या. या अनुभवावरून उत्तरेत निराळा मार्ग स्वीकारण्यात आला. प्रारंभीच सर्व परंपरांच्या प्रतिनिधींनी प्रार्थनापूर्वक एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवावेत असे ठरले. या विधीने कोणाची पूर्वीची दीक्षा अपुरी ठरते किंवा नाही, याचा निर्णय कोणीही देऊ नये; जे उणे असेल ते देवाने भरून काढावे, एवढीच त्यामागील भावना होती. येथे अँग्लिकन बिशपांनाही इतरांसमोर मस्तक लववावे लागले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

दुसरा प्रश्न बाप्तिस्म्याचा. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल व मेथडिस्ट परंपरांत बालकांना बाप्तिस्मा देतात. उलट बॅप्टिस्ट, ब्रदरन व डिसायपल्स या परंपरांच्या मते जाणत्या वयात स्वतःच्या तोंडाने श्रद्धा प्रकट करणाऱ्यासच तो देणे योग्य होय. या दोन मतांचा मेळ घालणारे तिसरे मत शोधण्याचा अट्टहास ऐक्ययोजनेने केला नाही. दोन्ही पद्धती एकाच चर्चमध्ये समान मानाने राहतील, असे तिने ठरविले. ज्या आईवडिलांना बालबाप्तिस्मा नको असेल, त्यांच्या बालकाला आशीर्वाद देऊन देवास समर्पित करावे आणि पुढे त्याने स्वतः श्रद्धा प्रकट केल्यावर त्याचा बाप्तिस्मा व्हावा, अशी तरतूद झाली. जगातील चर्चऐक्याच्या इतिहासात या व्यवस्थेला विशेष महत्त्व आहे.

तिसरा प्रश्न कारभाराचा. अँग्लिकन परंपरेत बिशप, प्रेस्बिटेरियन परंपरेत पाळक व वडील यांच्या सभा आणि काँग्रिगेशनल परंपरेत स्थानिक मंडळी हे सत्तेचे अधिष्ठान होते. नव्या घटनेने तिन्हींना स्थान दिले. बिशप असतील, परंतु ते घटनेला बांधलेले असतील. धर्मप्रांताची परिषद व सर्वोच्च सिनड यांत पाळकांबरोबर सामान्य सभासदही बसतील. आणि मंडळीचा दैनंदिन कारभार तिच्या समितीकडे राहील.

जे बाहेर राहिले

ऐक्याची कथा केवळ यशाची नाही. अमेरिकन परंपरेचे ‘मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया’ वाटाघाटींत दीर्घकाळ सहभागी होते. परंतु १९७० मध्येच, उद्घाटन समीप आले असता, त्या चर्चने सामील न होण्याचा निर्णय घेतला. पुढे १९८१ मध्ये ते ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ या नावाने स्वायत्त झाले. परिणामी अनेक शहरांत ऐक्यानंतरही दोन मंडळ्या पूर्वीप्रमाणेच शेजारी राहिल्या.

जे सामील झाले त्यांच्यातही पुढे मतभेद उत्पन्न झाले आणि त्यांना मालमत्तेच्या वादाचे स्वरूप आले. गुजरातेतील ब्रदरन मंडळ्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नोंदणीकृत संस्था व सार्वजनिक न्यास यांचे विलीनीकरण केवळ धार्मिक ठरावाने होत नाही, त्यासाठी कायद्याने घालून दिलेली रीत पाळावी लागते, अशी भूमिका घेऊन न्यायालयाने २०१३ मध्ये ते विलीनीकरण ग्राह्य धरले नाही. ज्या मंडळ्यांनी १९७० मध्ये एकत्र स्तोत्रे गायिली होती, त्यांतील लोक चार दशकांनंतर वादी व प्रतिवादी म्हणून उभे होते. श्रद्धेच्या प्रश्नांवर एकेचाळीस वर्षे विचार झाला; जमीन, इमारती आणि विश्वस्तपदे यांविषयी मात्र तितकी दक्षता घेतली गेली नाही, असा निष्कर्ष यावरून निघतो.

मंडळीतील कसोटी

मग सामान्य सभासदाच्या पदरात काय पडले? निश्चितपणे सांगता येईल अशी पहिली गोष्ट ही की, एकत्र आलेल्या चर्चपुरता प्रभुभोजनाचा भेद संपला. नगरच्या काँग्रिगेशनल घरातील मुलगी आता कोणत्याही पूर्वाश्रमीच्या अँग्लिकन मंडळीत गेली, तरी तेथे ती परकी नसते. शिवाय हे नाते उत्तर भारतापुरते राहिले नाही. १९७८ मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, चर्च ऑफ साउथ इंडिया आणि मार थोमा चर्च यांची संयुक्त परिषद स्थापन झाली. स्वतंत्र राहूनही एकमेकांचे प्रभुभोजन व धर्मसेवा मान्य करण्याचा हा मार्ग होता.

परंतु प्रत्येक भेद ठरावाने मिटत नाही. जातीच्या आठवणी, बोलीचा अभिमान, अमुक घराण्याने बांधलेल्या मंदिरावरील मालकीची भावना आणि जुन्या मिशनच्या नावाने चाललेले गट ही सर्व मंडळीत टिकून राहू शकतात. नामफलक बदलल्यानंतरही लोक ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ असे दोन बाक मनात मांडून बसू शकतात. अशा मंडळीत दोन गट वेगवेगळ्या वेळी उपासना करू लागले, तर त्यांना एकत्र आणण्याचे सामर्थ्य कोणत्याही सिनडच्या आदेशात नसते.

म्हणून फुटीच्या काळात मंडळीने काय जपावे, याचे उत्तर या इतिहासातून तीन गोष्टींत मिळते. मतभेद असले तरी प्रभुभोजनाची पंगत मोडू नये. ज्या प्रश्नावर प्रामाणिक माणसांची दोन मते आहेत, तेथे बाप्तिस्म्याच्या बाबतीत केले त्याप्रमाणे दोन्हींना जागा ठेवावी. आणि मालमत्तेचा व्यवहार उघड, लेखी व कायदेशीर असावा. कारण त्या बाबतीतील निष्काळजीपणाने श्रद्धेतील ऐक्यालाही तडा जातो. नागपूरच्या आवारात बिशपांनी आणि पाळकांनी परस्परांच्या हाताखाली मस्तक लवविले, तो विधी थोड्याच वेळात पूर्ण झाला असेल. तीच नम्रता गावच्या मंडळीला दर रविवारी नव्याने शिकावी लागते.