जीपला रोल केज बसवायचा, पण कोणता?

प्रश्न : माझ्याकडे महिंद्राची जुनी एमएम 540 आहे, कापडी हूडची. पावसाळ्यात आमचा तीन-चार गाड्यांचा गट घाटमाथ्यावरच्या कच्च्या वाटांनी फिरतो. सोबत पत्नी असते, मागच्या बाकावर नऊ वर्षांची मुलगी. मागच्या वर्षी गटातली एक गाडी चढावर आडवी झाली. कुणाला लागलं नाही, पण तेव्हापासून घरून रोल केजचा आग्रह आहे. एका दुकानात चकचकीत स्टेनलेस स्टीलचा तयार रोल बार दाखवला. एक फॅब्रिकेटर म्हणतो, सी क्लास पाइपचा पूर्ण केज करून देतो, हत्ती बसला तरी वाकणार नाही. मित्र म्हणतो, क्रोमोलीशिवाय काही घेऊ नकोस. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : तिघांपैकी कोणाचंच ऐकू नका. आणि पाइपाकडे वळण्याआधी गाडीत कोण कुठे बसतं ते पाहू, कारण निवड तिथून सुरू होते.

गाडी उलटते तेव्हा केजचं काम एकच असतं : माणसाच्या डोक्याभोवतीची जागा चेपू न देणं. माणसाला त्या जागेत धरून ठेवण्याचं काम पट्ट्याचं. हा धडा ट्रॅक्टरांनी दिला. स्वीडनने 1959 साली नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक चौकट सक्तीची केली आणि ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू तिथे पुढे खूप घटले. तरीही शेतीतल्या सुरक्षिततेवर काम करणारे लोक आजही बजावून सांगतात, की चौकट असेल तर पट्टा लावलाच पाहिजे. पट्टा नसला तर चालक बाहेर फेकला जातो आणि तीच चौकट त्याच्या अंगावर येते. तुमच्या जीपला चांगले पट्टे नसतील तर केजचा खर्च आज करू नका. आधी पुढच्या दोन्ही सीटना भक्कम तीन-बिंदू पट्टे बसवा.

आता मुलीबद्दल. हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकलं ते हेच. 540च्या मागे चाकांच्या कमानींवर समोरासमोर आडवे बाक असतात. अशा बाकावर बसलेल्या माणसाला पट्टा नीट धरू शकत नाही. त्यातून पुढच्या सीटमागे रोल बार उभा केला, की त्याच्या मागे जाणारे तिरके आधार नेमके मुलीच्या डोक्याच्या आसपास येतात. म्हणजे पुढच्या दोघांना वाचवणारी नळी मागच्या लेकराला इजा करू शकते. केज कितीही उत्तम असो, अवघड वाटेवर त्या बाकावर कुणालाही बसवू नका. वाट सोपी होईपर्यंत मुलीने आईसोबत पायी चालावं, किंवा पुढे तोंड करून सीट आणि पट्टा असलेल्या दुसऱ्या गाडीत बसावं.

इतकं ठरलं की प्रकार निवडणं सोपं होतं. तुमच्यासाठी मी अर्धा केज सुचवेन : पुढच्या सीटच्या पाठीमागे एक मुख्य कमान, तिच्यात एक तिरपा आडवा दांडा आणि मागे जाणारे दोन सरळ आधार. जमिनीवर एकूण चार पाय. कमान मात्र दोघांच्याही डोक्याच्या चांगलीच वरपर्यंत गेली पाहिजे, नाहीतर तिचा उपयोग नाही. पूर्ण केजमध्ये याच्या जोडीला काचेच्या दोन्ही बाजूंनी नळ्या वर चढतात आणि डोक्याशेजारून मागे जातात. उलटल्यावर तो निश्चितच जास्त तग धरतो. पण तो हेल्मेट घातलेल्या माणसासाठी आहे. तुम्ही याच जीपने बाजारातही जाणार, हेल्मेट न घालता. गावात मागून कुणी जरासा धक्का दिला तरी कपाळ किंवा कानशील त्या लोखंडावर आपटू शकतं. स्पर्धेच्या गाड्यांत नळ्यांवर जे आवरण असतं ते एफआयए या मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 8857-2001 किंवा अमेरिकेतल्या एसएफआय 45.1 या मानकाचं, बऱ्यापैकी घट्ट असतं. एसीच्या पाइपला गुंडाळतात तो काळा मऊ फोम बोटाने दाबला तरी तळाला लागतो, तो इथे कामाचा नाही. हेल्मेट रोज घालणार नसाल, तर पूर्ण केजच्या वाटेला जाऊ नका.

नळीचं बोलू. क्रोमोली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाची नळी, मजबूत असते हे खरं, ती तुटायला किंवा कायमची वाकायला जास्त जोर लागतो. पण तिची ताठरता साध्या पोलादाएवढीच असते. त्याच मापाची नळी क्रोमोलीची असली म्हणून कमी लवचीक होत नाही. शिवाय तिला आर्गन वेल्डिंगचा खरोखर तयार हात लागतो, नाहीतर जोडाशेजारचा भाग ठिसूळ होतो आणि नेमका तिथेच तडा जातो. सी क्लास पाइप पाणी आणि गॅस वाहण्यासाठी बनतो. प्लंबरचा दीड इंची पाइप बाहेरून मोजला तर सुमारे 48 मिलिमीटर भरतो आणि सी क्लासमध्ये त्याची भिंत 4 मिलिमीटर जाड असते. दर मीटरला जवळजवळ साडेचार किलो. पूर्ण केजला वीसेक मीटर नळी लागली, तर तुम्ही गाडीच्या डोक्यावर ऐंशी-नव्वद किलो चढवलेत, म्हणजे उलटण्याचा धोका कमी करायला निघालात आणि वाढवून बसलात. पाइप गॅल्व्हनाइज्ड असेल तर आणखी वाईट. वेल्डिंग करताना जस्ताचा विषारी धूर निघतो आणि जोडही सच्छिद्र होतो. आणि स्टेनलेसचे ते चकचकीत बार बहुतेक शोभेचे असतात. दुकानदाराला भिंतीची जाडी विचारा आणि कापलेल्या टोकाशी व्हर्नियर लावून स्वतः मोजा. सोळा गेज म्हणजे सुमारे 1.6 मिलिमीटर. इतक्या पातळ नळीवर जीपचं वजन तोलण्याची आशा ठेवू नये.

मग घ्यायचं काय? थंड ओढून बनवलेली, सांधा नसलेली साध्या कार्बन पोलादाची नळी. बाजारात तिला सीडीएस म्हणतात, आणि मोटारींसाठीच्या नळ्यांचं भारतीय मानक आयएस 3074 हे आहे. एफआयएने रॅलीच्या गाड्यांसाठी मुख्य कमानीची दोन मापं ठरवली आहेत : 45 मिलिमीटर व्यास व 2.5 जाडी, किंवा 50 मिलिमीटर व्यास व 2 जाडी. बाकीच्या दांड्यांना 38 बाय 2.5 किंवा 40 बाय 2. पोलादाची ताणशक्ती किमान 350 मेगापास्कल. पहिल्या दोन मापांत मी दुसरं घेईन. हिशोब केला तर 50 बाय 2ची नळी दर मीटरला सुमारे 2.4 किलो भरते, 45 बाय 2.5ची 2.6 किलो, आणि वजनाने हलकी असूनही 50 बाय 2ची नळी वाकण्याला पंधरा टक्के जास्त विरोध करते. नळीचा व्यास वाढवणं हे तिची जाडी वाढवण्यापेक्षा सहसा स्वस्त पडतं. विक्रेत्याकडून नळीचं चाचणी प्रमाणपत्र मागून घ्या. देता येत नसेल तर दुसरीकडे जा.

फॅब्रिकेटरकडे गेल्यावर त्याने आधी वाकवून ठेवलेला एखादा पाइप हातात घ्या आणि बाकाची आतली बाजू बघा. तिथे सुरकुत्या किंवा चपटेपणा दिसला, किंवा पाइप गॅसवर तापवून वाकवल्याचा निळसर डाग दिसला, तर ती जागा पहिल्याच धक्क्यात दुमडेल. बाक थंडच, मँड्रेलच्या यंत्रावर हवा आणि त्याची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट. मुख्य कमान एकाच अखंड नळीची हवी, मध्ये जोड नको. मागचे आधार सरळ असावेत. दिसायला छान म्हणून त्यांना दिलेला बाक म्हणजे कमकुवतपणा विकत घेणं. आणि तिरपा दांडा नसलेली चौकोनी चौकट बाजूने जोर आला की कलते, म्हणून तो दांडा काटकसरीत गाळू देऊ नका.

खरी परीक्षा मात्र पायांशी होते, आणि तिथेच सर्वांत जास्त चुका दिसतात. जीपची बॉडी चासीवर रबरी पॅकिंग घालून बसवलेली असते, त्यामुळे दोन्ही थोड्या वेगवेगळ्या हलतात. सीट बॉडीला आणि केज थेट चासीला जोडला, तर गाडी पिळली जाताना माणूस एकीकडे आणि केज दुसरीकडे जातो. सीट, पट्टे आणि केज हे तिन्ही एकाच गोष्टीला धरलेले असावेत. तुमच्या बाबतीत ती गोष्ट बॉडी. पण बॉडीचा पत्रा पातळ असतो, म्हणून नुसता पाय त्यावर बोल्ट केला तर उलटताना तो पत्रा फाडून खाली जातो. एफआयएच्या नियमात मुख्य कमानीच्या प्रत्येक पायाखाली निदान 3 मिलिमीटर जाड आणि 120 चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची पट्टी लागते, आणि किमान तीन एम8 बोल्ट, 8.8 ग्रेडचे. बोल्टच्या डोक्यावर 8.8 कोरलेलं असतं, बसवण्याआधी वाचून घ्या. तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे : कोकणातली हवा. मॅटिंग उचला, पायांच्या जागी स्क्रूड्रायव्हरने जोर देऊन टोचा. टोक आत शिरलं तर पत्रा गंजून गेला आहे. आधी तो बदला, केज नंतर.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमानुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि 2019 साली बदललेल्या 182अ कलमात मालकाने केलेल्या प्रत्येक बेकायदा बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून काम हाती घेण्याआधी आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. ऑफ-रोड गटातले बरेच जण हे टाळतात. दावा नाकारला जातो तेव्हा त्यांच्या हाती काहीच नसतं.

शेवटची गोष्ट सगळ्यांना सांगा : गाडी कलंडू लागली की हात-पाय आत ठेवा. केजची नळी पकडण्याचा मोह अनावर असतो आणि बोटं नेमकी तिथेच चिरडतात. चालकाने स्टीअरिंग धरावं, बाकीच्यांनी स्वतःचा पट्टा.

प्रश्न : माझी थार 2021ची आहे. तिलाही केज लावावा का? गोव्याच्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये उतरायचं मनात आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : घरगुती वापरासाठी नको. 2 ऑक्टोबर 2020ला आलेली आणि नाशिकमध्ये तयार होणारी ही थार कारखान्यातूनच केज घेऊन येते, आणि त्याच वर्षी ग्लोबल एनकॅपच्या टक्कर-चाचणीत तिला चार तारे मिळाले. आत आणखी लोखंड भरलंत तर डोकं आपटण्याच्या जागा तेवढ्या वाढतील. तुमच्या ओळखीत कुणाकडे थार रॉक्स असेल तर त्यांनाही सांगा : तिच्यात पडदा एअरबॅग आहेत, आणि छताच्या कडेने नळी गेली तर त्या उघडताना अडतील.

रेनफॉरेस्ट चॅलेंजची गोष्ट वेगळी. 2014पासून गोव्यात भरणारी ही स्पर्धा चिखल, ओढे आणि उभ्या चढांची आहे, तिथे स्पर्धेचा पूर्ण केज आणि हेल्मेट हवंच. केजची मापं आयोजकांच्या त्या वर्षीच्या नियमावलीतून घ्या, मित्राच्या गाडीवरून नव्हे. तांत्रिक तपासणीत नापास झालेला केज तिथल्या तिथे दुरुस्त होत नाही. आणि अशी गाडी नंतर रोजच्या रस्त्यावर चालवू नका. स्पर्धेची गाडी वेगळी ठेवा, ट्रेलरवर न्या.