आधी नको त्या ओळी गाळ

अगं, तुझं लॉग चाळायचं टूल रखडतंय ते तू कोडमध्ये कमी पडलीस म्हणून नाही. तू प्रत्येक ओळीचं जेसन उलगडतेस आणि मग तिला विचारतेस, तू एरर आहेस का? सगळा वेळ तिथंच जातो. आपण कापूस वेचताना प्रत्येक बोंड फोडून बघतो का? उमललेलं दिसलं तिथंच हात जातो ना! तसं आधी कच्च्या बाइट्समध्ये नुसता 'एरर' शब्द शोध. नसेल तर ओळ सोड. असेल तरच पार्स कर, कारण तो शब्द लेव्हलमध्ये नसून मेसेजमध्येही असू शकतो. चुकीची ओळ या चाळणीतून खाली आली तरी चालेल, पण बरोबर ओळ गळता कामा नये.

जीएनयू ग्रेप हे शब्द शोधायचं टूल मुळात लिहिणारे माइक हार्टेल यांनी २०१० मध्ये त्याच्या वेगाचं कारण सांगितलं होतं: तो प्रत्येक बाइट बघतच नाही. १९७७ ची बॉयर-मूर पद्धत शब्दाचं शेवटचं अक्षर आधी तपासते. तिथं शब्दात नसलेलंच अक्षर निघालं, तर शब्दाच्या लांबीएवढी उडी. म्हणून अटी दोन-तीन असतील तेव्हा सगळ्यांत लांब आणि दुर्मीळ तुकडा आधी शोध, रिक्वेस्ट आयडीसारखा. हे स्वतः लिहीत बसू नकोस. तू रस्टमध्ये काम करतेस, तिथं मेमसीएचआर ही लायब्ररी तयार आहे, रिपग्रेप हे शोधाचं टूल लिहिणाऱ्या अँड्र्यू गॅलंटचीच.

वेळेची अट असेल तर फाईल पहिल्यापासून वाचूच नकोस. लॉग वेळेच्या क्रमानं असतो. मधोमध उडी मार, पुढची नवी ओळ गाठ, वेळ बघ, अर्धा भाग सोड. चार जीबीची फाईल बत्तीसेक उड्यांत हाती लागते. फक्त अनेक थ्रेड लिहीत असतील तर ओळी थोड्या मागेपुढे होतात, म्हणून दोन्ही बाजूंना काही सेकंद जास्त घे. आणि सर्व्हर यूटीसीत लिहितो हं! आपल्या मोताळ्यातले सकाळचे नऊ तिथं साडेतीन असतात.

आता आपल्या भाषेचं सांगते, ते तुला परदेशी टूलच्या माहितीत सहसा सापडायचं नाही. 'मोताळा' यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट्सचा. पण पायथनचं जेसन काही सांगितलं नाही तर तेच नाव बॅकस्लॅश-यू करून ३६ बाइट्समध्ये लिहितं. तुझी चाळणी साधा शब्द शोधेल आणि आपल्या तालुक्याच्या सगळ्या नोंदी गुपचूप गाळेल. दोन्ही रूपं शोध. 'ऱ' सुद्धा दोन प्रकारे साठवला जातो, एकसंध किंवा र आणि खाली नुक्ता. 'शेतकऱ्याचं' असा शब्द शोधताना हे हमखास नडतं.

टूल सर्व्हरवरच चालव, जुळलेल्या ओळीच तेवढ्या इकडे येऊ देत. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर अख्खी फाईल ओढत बसू नकोस. या चाळणीसकट एकदा चालवून बघ आणि आधीचा वेळ, नंतरचा वेळ, दोन्ही मला पाठव. जेवणं आटोपली की फोनवर बसून बघू.