भोपळा का गळतो?

सुट्टीत तंजावरला आजीकडे गेलो होतो. परसात भोपळ्याचा एकच वेल होता. इथे त्याला परंगिक्काय म्हणतात. त्याची कोवळी फळे पिवळी पडून गळत होती. मी पाणी वाढवले, तरी गळ थांबेना.

खरे कारण होते परागीभवन. भोपळ्याचे परागकण जड व चिकट असतात. ते वाऱ्याने उडत नाहीत. मधमाश्या नसतील तर ते काम आपण करायचे. फुले पहाटे उमलतात, दुपारपूर्वी मिटतात. आणि मी उठत होतो नऊला!

दुसऱ्या दिवशी सहालाच उठलो. बुडाशी इवला भोपळा असलेले मादीफूल शोधले. नरफुलाच्या पाकळ्या काढून पुंकेसर मादीफुलाच्या कुक्षीवर हलकेच फिरवले. फळ धरले. ते मोठे व्हावे म्हणून वेलावर तेवढे एकच राखले.

मित्रांनो, सुट्टीतही पीटीची वेळ पाळा!